खिळ्यावरचा नान

आमच्या समरकंदच्या वैद्यकीय महाविद्यालयात एर्गाश दोमला, म्हणजे एर्गाश मास्तर, आयुष्यभर एकच पेशी शिकवत आले. मी त्यांचा सहकारी आणि दुर्दैवानं शेजारीही. फळ्यावर आतड्याच्या अस्तराची पेशी काढायची: माथ्यावर बारीक लव, दोन पेशींमध्ये इतकी घट्ट सांधणी की अन्नाचा कण चोरून शिरायचा नाही, त्याखाली बटणांसारखे टाके. टाका विसरला की पोरगा नापास. नापास करताना दोमलांचा चेहरा असा खुले की बघणाऱ्याला वाटावं, घरी लग्न आहे.

नात बार्नो सुकत चालली तेव्हा तिच्या आतड्याचा तुकडा ह्यांनीच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. लव झिजलेली, सांधे सैल. "गहू बंद!" म्हणाले, आणि मग वर्गावर्गात नातीचं आतडं मिरवत हिंडले. गहू सुटला, पोर भरली, दुतार वाजवू लागली. ताश्कंदच्या संगीतशाळेनं परीक्षेला बोलावलं.

निघायच्या सकाळी दारात टॅक्सी उभी आणि दोमला नान घेऊन आडवे. जाणाऱ्यानं एक घास तोडायचा, उरलेला खिळ्याला टांगायचा, परतल्यावर त्यानंच संपवायचा. हे आमच्याकडे कोण मोडतो?

"बाबा, तिला गहू चालत नाही," सून ओयदिन काकुळतीला आली. "तुम्हीच सांगितलंत ना? उद्या परीक्षा आहे तिची."

"गहू वेगळा, नान वेगळा! घास न तोडता गेलेला परत येत नाही."

"मग नुसता ओठांना लावू दे."

"अन्नाशी ढोंग?"

"अहो दोमला, लव!" मी फाटकातून ओरडलो. वर्गाबाहेर काढतात तसा त्यांनी मला हात केला. बार्नोनं घास तोडला. तो गिळेपर्यंत हे बघत राहिले, परीक्षकच ना!

वाटेतल्या जिझ्झाख गावाच्या अलीकडेच पोर ओकू लागली. टॅक्सी माघारी फिरली.

दुसऱ्या दिवशी परीक्षेच्या वेळी ती अंगणातल्या खाटेवर पिवळी पडून होती, उशाशी दुतार. दोमलांनी खिळ्यावरचा नान काढला आणि मला म्हणाले, "बघितलंत? परत आणली की नाही पोरीला! ऊठ बार्नो, उरलेला संपव."

असला निर्लज्जपणा मी जन्मात पाहिला नव्हता. ओयदिन उठली, तिनं बार्नोचा हात मागे सारला आणि नान सासऱ्याच्या हातात परत कोंबला.

"तुम्हीच संपवा, बाबा. तुमची लव शाबूत आहे."

त्यांनी तो चहात बुडवून संपवला. नान टाकणं पाप असतं ना.