उघड्या खिडक्या

आमचं जर्मन गाव ना धड शहर, ना धड खेडं. नदीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे जुनी वस्ती. आमच्याकडे एका इमारतीचा पाया खणताना महायुद्धातला न फुटलेला बॉम्ब सापडला आणि आम्हा सगळ्यांना पलीकडच्या शाळेत हलवलं. ज्या रस्त्याने मी रोज भाजी आणते, त्याच्या कडेलाच जमिनीच्या पोटात हा इतकी वर्षं निजला होता! आता तो निकामी करणं चालू होतं.

"खिडक्या उघड्या ठेवल्यास ना?" शेजारच्या हेल्गाआजींनी विचारलं.

"छे! घट्ट लावून आले."

"अगं, धक्क्याने काचा फुटतात. युद्धात भोंगा वाजला की आम्हाला तळघरात नेण्याआधी माझी आई सगळ्या खिडक्या उघडायची."

तेवढ्यात धोका टळल्याचा भोंगा वाजला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आजींनी माझा हात घट्ट धरला, आणि भोंगा थांबला तरी सोडला नाही.