फ्लॅट ४०३ साठी व्हिजिटर

आधीच सांगते, या ग्रुपवर मी इतकी वर्षं फक्त टवाळी करायला येत होते. कोणाला घाटात पांढऱ्या साडीतली बाई दिसली, की खाली माझी कमेंट ठरलेली — "साडी कॉटनची होती की सिल्कची?" मी स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस्सी. करते. योगायोग कितपत घडू शकतो हे कागदावर मांडून दाखवणं हाच माझा अभ्यास. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय… पण तीन महिने झाले, आता कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

घरी मी आणि बाबा, दोघंच. मी दहावीत असताना आई गेली. बाबा मूळचे यवतमाळकडचे. खडकीच्या फॅक्टरीत तीस वर्षं नोकरी केली, रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडून वाघोलीत फ्लॅट घेतला. चौथा मजला, ४०३. पुण्यात अर्धं आयुष्य गेलं तरी त्यांची बोली काही बदलली नाही. मागच्या ऑक्टोबरमध्ये मला एक्स्चेंज प्रोग्रॅममधून एका सेमिस्टरसाठी जर्मनीला जायला मिळालं, तेव्हा त्यांना एकटं सोडायचं माझ्या जिवावर आलं होतं. तेच म्हणाले, "जाय ना बापा! मी काय लहान पोट्टा आहो?"

आमच्या सोसायटीच्या गेटवर एक ॲप आहे. कोणीही आलं की वॉचमन त्याचं नाव आणि फोटो टाकतो, ते आपल्या मोबाईलवर येतं, आणि आपण अलाऊ किंवा डिनाय दाबायचं. बाबांना हे प्रकरण जमलंच नाही. एकदा त्यांनी चुकून सख्ख्या भावाला डिनाय केलं, आणि काका रागारागाने आल्या पावली यवतमाळला परत गेले! तेव्हापासून ॲप माझ्या फोनवर. म्हणजे जर्मनीतल्या वर्गात बसून मी वाघोलीत गॅसचं सिलिंडर आत सोडायचे. तिथल्या मैत्रिणींना गंमत वाटायची. मला मात्र त्याने फार बरं वाटायचं. घरात कोण येतंय-जातंय हे मला कळत होतं.

जानेवारीतली गोष्ट. संक्रांत चार दिवसांवर आली होती. सकाळी युनिव्हर्सिटीत जाताना मी बर्फावरून सायकलसकट घसरले आणि डाव्या भुवईवर खोक पडली. मेडिकलमधून पट्टी घेतली, चिकटवली आणि तशीच दहाच्या लेक्चरला जाऊन बसले. बाबांना कळवलं नव्हतं, कोणालाच नव्हतं. पुण्यात तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते.

पाचेक मिनिटांत फोन थरथरला. 'फ्लॅट ४०३ साठी व्हिजिटर. नाव – प्रणाली.'

माझं नाव प्रणाली आहे.

फोटो हललेला होता. मोकळे केस, काळं जॅकेट, चेहरा अर्धवट. ही तर माझ्यासारखी दिसते की, म्हणून आधी हसूच आलं. मग डोकं चालायला लागलं. हल्ली एकटे राहणारे वयस्कर लोक हेरून फसवतात, इन्स्टावरचे फोटो उचलतात… मी डिनाय दाबलं. सोसायटीच्या ग्रुपवर लगेच लिहिलं, 'कोणीतरी माझ्या नावाने गेटवर आहे, कृपया सोडू नये.' त्यावर एकाचं उत्तर — 'मॅडम, आपण जर्मनीत आहात हे सर्वांना माहीत आहे. दर रविवारी बर्फाचे फोटो असतात.'

मी बाबांना फोन लावला, त्यांनी उचलला नाही. जेवून झोपले असतील, असं मी धरून चालले.

तेवढ्यात दुसरी रिक्वेस्ट आली. या वेळी फोटो स्वच्छ होता.

ती मी होते. माझ्यासारखी नाही, मीच. अंगात तेच काळं जॅकेट, जे मी डिसेंबरमध्ये तिथल्या सेलमधून घेतलं होतं आणि त्या क्षणी घालून बसले होते. मागे आमच्या गेटच्या कुंड्या, एक रिक्षा, पुण्याचं दुपारचं लख्ख ऊन. डोळे रडून लाल झालेले. आणि डाव्या भुवईवर पट्टी… पट्टीच्या मधोमध रक्ताचा छोटा तपकिरी डाग. तो डाग मी वीस मिनिटांपूर्वी कॉलेजच्या वॉशरूमच्या आरशात पाहिला होता. माझा हात आपोआप भुवईकडे गेला.

वर्गात पन्नास माणसं होती, प्राध्यापक फळ्यावर काहीतरी लिहीत होते आणि मी तो फोटो मोठा करून पाहत होते. डोक्यात एकच होतं — हे जे काही आहे ते माझ्या बाबांकडे निघालंय. त्यांच्यापर्यंत ते पोचता कामा नये. मी पुन्हा डिनाय दाबलं. खरं सांगते, बाबांना वाचवतेय असंच मला तेव्हा वाटत होतं.

बाहेर येऊन बाबांना सात-आठ फोन केले. सगळे वाजून बंद झाले. घराची दुसरी किल्ली समोरच्या जोशी काकूंकडे असते. काकू तिळगुळाचं सामान घ्यायला मार्केट यार्डात गेलेल्या. "अगं, खराडीला अडकलेय. हे ट्रॅफिक तुझं सेमिस्टर संपेपर्यंत सुटलं तरी पुष्कळ," म्हणाल्या. मी म्हटलं, काकू, प्लीज, घरी पोचल्यावर आधी बाबांना बघा. फोटोचं मी सांगितलं नाही. काय सांगणार होते?

पुण्यात चार वाजून गेल्यावर त्यांचा फोन आला. एरवी सरळ एक वाक्य न बोलणाऱ्या काकू अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "प्रणाली, तू आधी कुठेतरी बस बघू." मी तिथेच बर्फात बसले.

बाबा स्वयंपाकघरात पडलेले होते. ब्रेन स्ट्रोक. शेजारी अर्धवट सोललेलं संत्रं होतं. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि वाचा जवळजवळ बंद झाली. डॉक्टर काकूंना म्हणाले, "तासभर आधी आणलं असतं, तर बराच फरक पडला असता."

चौथ्या दिवशी मी पुण्यात पोचले. गेटवर वॉचमन नवीन होता, मी जर्मनीला गेल्यावर लागलेला. त्याने मला आधी कधी पाहिलेलंच नव्हतं. पण मी रिक्षातून उतरले आणि तो खुर्चीवरून उठून उभाच राहिला.

"ताई, बाबा बरे हायेत का?"

"तुम्ही मला ओळखता?" मी विचारलं.

"म्हंजे काय! त्या दिवशी आलता न्हाई का? एवढ्या उन्हात जाड जॅकेट घालून, म्हनून ध्यानात ऱ्हायलं. हात जोडत व्हता. बाबा पडल्यात, मला वर सोडा म्हनत व्हता. मी दोनदा टाकलं ॲपवर. दोन्ही येळेला न्हाई म्हनूनच आलं. नियम हाय ताई, गेट सोडून मी तरी काय करनार?"

"मग?"

"मग तिथं कठड्यावर बसून ऱ्हायला. पानी दिलं तर घेतलं न्हाई. जोशी बाईंची गाडी आत आली, मी वळून बघतो तर तुम्ही न्हाई."

ॲपवर फक्त नाव आणि फोटो येतो. माणूस गेटवर काय सांगतोय, ते येत नाही.

मित्र म्हणतात, फोटो एआयने केलाय. पण त्या पट्टीबद्दल तेव्हा भारतात कोणालाच माहीत नव्हतं. कमिटीकडे फुटेज मागितलं, तर ते आठ दिवसांनी आपोआप पुसलं जातं म्हणे, आणि मी नवव्या दिवशी विचारलं होतं. शिकलेलं सगळं पणाला लावून पाहिलं, कशातच हे बसत नाही.

मागच्या आठवड्यात बाबा बऱ्यापैकी बोलायला लागले. एकेक शब्द जुळवत बोलतात. मी त्यांना भात भरवत होते.

"पडलो तवा… शुद्ध होती मले. फोन दूर. हात जाये ना. तुलेच हाका मारल्या."

मी चमचा खाली ठेवला.

"मले वाटलं, आली तू. गेटवर आहे… आता लिफ्टनं येते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, लहान मुलासारखं नुसतं विचारलं, "मंग काऊन नाही आली वं?"

मी म्हटलं, "बाबा, मी जर्मनीत होते ना." त्यांनी हळूच मान हलवली आणि पुढचा घास घ्यायला तोंड उघडलं.

खरं काय ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगणार तरी काय? गेटवर कोण आलं होतं, हे माझं मलाच कळलेलं नाही आणि कधी कळेल असंही वाटत नाही. एवढंच माहीत आहे, की त्यांची हाक पोचली होती. नाही म्हणणारी मी होते.