मंदाकाकूंची न चाखलेली आमटी

मिरा रोडला राहायला आल्यावर सुरुवातीला मंदाकाकूंना कुणी विचारत नव्हतं. गिरगावातल्या चाळीत त्यांच्या नावाचा दबदबा होता. इथे माणसं सकाळी कुलूप लावायची आणि रात्री उघडायची. शेजारचे ठक्करभाई त्यांना ‘वो नये लोग’ म्हणायचे, आणि स्वतः जेमतेम महिनाभर आधी आलेले. मग सत्याऐंशी साली सोसायटीने सत्यनारायण घातला, जेवण काकूंनी रांधलं, आणि एका आमटीने त्यांना माणसांत आणलं. तेव्हापासून पार पेणकरपाड्यापर्यंत कुणाकडे पूजा असली की आमंत्रण काकूंच्या दारात. हाताला चव आहे, म्हणायचे लोक. काकू ‘काहीतरीच तुमचं’ म्हणायच्या आणि आतून फुलायच्या.

खरं सांगायचं तर चव हाताला नव्हती, नाकाला होती. नैवेद्य दाखवायच्या आधी अन्न चाखायचं नाही, हे सासूने घालून दिलेलं. पातेलं शंभर माणसांचं असो, जिभेला थेंब लागू द्यायचा नाही. काकू पातेल्यावर वाकायच्या, वाफ नाकात ओढायच्या आणि ‘अजून अर्धी मूठ’ म्हणून मीठ टाकायच्या. मीठही भाईंदरच्या मिठागरातलं, जाडं. एका गोणीचा दुसरीला मेळ नाही, त्यामुळे वाटीने मोजून भागत नसे. पण काकूंचा अंदाज कधी चुकला नाही.

चूल मागच्या मोकळ्या प्लॉटवर पेटायची. एवढ्या जेवणाला गॅस कुठला? घरच्या सिलिंडरसाठीच सगळे नंबर लावून बसलेले. जळण मात्र मुबलक. चारी बाजूंना बिल्डिंगी उठत होत्या, स्लॅब झाला की सेंट्रिंगच्या तेलकट फळ्यांचे तुकडे पडलेलेच असत. ते भडकून पेटत आणि काळा, चिकट धूर सोडत. काकू पहाटेपासून त्या धुरात. संध्याकाळी नाक शिंकरलं की रुमालावर काजळी. धुरात रांधून पानावर बसलं की घास गोड लागत नाही, हे रांधणाऱ्या कुठल्या बाईला ठाऊक नाही? दुसऱ्या दिवशी चव परत यायची. पुढे ती दोन दिवसांनी यायला लागली, मग आठवड्याने. आणि एकदा आलीच नाही.

घरात ही गोष्ट आधी कळली ती आत्मारामांना, म्हणजे काकूंच्या यजमानांना. छापखान्यातून निवृत्त झालेला माणूस, तोंडाने फटकळ. लग्नापासून ताटाला नावं ठेवल्याशिवाय त्यांचं जेवण झालं नव्हतं.

“अगं, उत्तनचा अख्खा समुद्र ओतलास की काय डाळीत?”

एरवी काकूंनी तिथल्या तिथे उत्तर दिलं असतं. त्या दिवशी त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, “मला काही लागतच नाही हो. ना वास, ना चव.”

डॉक्टर म्हणाले, आधी धूर बंद करा. गेलेली चव परत येईलच असं सांगता येत नाही. आत्माराम त्यांना घरी घेऊन आले. मग म्हणाले, “एवढं काय त्यात? मी आहे ना. कमीजास्त झालं की सांगत जाईन.”

आणि त्यांनी शब्द पाळला. मीठ जास्त, मीठ कमी, फोडणी करपली. आयुष्यभर ज्या कुरकुरीने काकूंचं डोकं उठलं, तिचीच त्या आता वाट बघायच्या. त्या कुरकुरीवर त्यांचा स्वयंपाक उभा होता.

चौऱ्याण्णवच्या पूजेचं सांगायला सोसायटीची सेक्रेटरी नीलिमा आली. “काकू, यंदा दीडशे पानं होणार. तुमच्याशिवाय कोण करणार?” काकूंना नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हटलं तर कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगितलं की आपण पुन्हा त्या कुलूपवाल्या बिल्डिंगीतली कुणीतरी बाई. त्या हो म्हणाल्या.

पूजेच्या दिवशी आत्माराम मांडवात होते. काकू पातेल्यावर वाकल्या, डोळे मिटून वाफ ओढली. चेहऱ्याला चटका बसला, बाकी काही नाही. पुन्हा वाकल्या. पुन्हा नुसतीच वाफ. त्यांना रडू येत होतं, पण धुरात ते कुणाला कळणार! शेवटी आजूबाजूला बघून त्यांनी पळीतली आमटी तळहातावर घेतली आणि जन्मात केलं नव्हतं ते केलं. चाखली. जिभेवर नुसतं गरम पाणी. पाप केलं ते केलं, पदरात काही पडलं नाही. मग त्यांनी देवाचं नाव घेऊन आणखी दोन मुठी मीठ टाकलं.

पंगत बसली. प्रसादाला नावं ठेवत नाहीत, तशी कुणीच ठेवली नाहीत. ठक्करभाई म्हणाले, “भाभी, एकदम फर्स्टक्लास.” नीलिमा म्हणाली, “काकू, नेहमीसारखीच.” पण पाण्याचे जग फिरवणाऱ्यांना बसायला फुरसत नव्हती, आणि द्रोण भरलेलेच उचलले जात होते. काकूंनी आत्मारामांकडे पाहिलं. आता तरी हा माणूस समुद्राचं काहीतरी बोलेल.

“झकास झालीय,” आत्माराम पानाकडे बघत म्हणाले, आणि पाण्यासाठी पेला पुढे केला.

त्यानंतर घरातली कुरकुर थांबली. मीठ बरोबर, फोडणी बरोबर, सगळंच बरोबर. काकूंनी चार दिवस ऐकून घेतलं. पाचव्या दिवशी मिठाची बरणी फडताळातून खालीच काढली नाही. आमटी उकळली, वाढली, आणि त्या समोर बसल्या.

“मीठ बरोबर आहे ना हो?”

आत्मारामांनी भात कालवला, दोन घास खाल्ले. “अगदी बरोबर. वाढ अजून.”

काकूंना संताप आला, आणि त्याहून जास्त नवऱ्याची दया आली. माणूस प्रेमानेच बोलत होता. त्याला खोटं कसं म्हणणार? पण आता त्यांना खरं सांगणारं घरात कुणी उरलं नव्हतं. त्यांनी डावभर आमटी आत्मारामांच्या भातावर घातली, मग स्वतःचं पान वाढून घेतलं. बिनमिठाची ती आमटी त्यांना रोजच्यासारखीच लागली.