यंदा निळी उगवली नाही

श्रावण वद्य तृतीया, सकाळी आठचा सुमार. नदीकाठची वाळू. हजर: सासूबाई, धाकटी जाऊ आणि मी. मागाहून आलेला एक, शेजारच्या मळ्यातला माळी. त्याची बायको तीन आठवडे तापाने पडून होती.

गावात झाडपाल्याचं औषध सासूबाईंच्या हातचं. पार रोहिणखेडहून माणसं येत. जुन्या तापाला निळी विष्णुक्रांता, झोप उडालेल्याला पांढरी शंखावळी. दोन्ही एकाच कुळातल्या, वाळूला धरून पसरणाऱ्या, दोघींच्या पानांवर लव. खुणा मी लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी वहीत उतरवल्या होत्या. निळीचं फूल बशीसारखं सपाट, पांढरीचं नरसाळ्यासारखं. निळीचा देठ सुतासारखा, पांढरीचा जाडसर. दुपारी फुलं मिटतात, म्हणून काढणी सकाळीच. सासूबाईंना या खुणा कधी लागल्या नाहीत. उभ्या उभ्या रंग बघायच्या आणि सांगायच्या.

त्या दिवशी त्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आल्या आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "यंदा निळी उगवलीच नाही वं. सारी पांढरीच हाये."

जाऊ हसली. "आत्याबाई, मस्करी करून राह्यल्या का? तुमच्या पायापाशीच तं..."

मी तिचा दंड दाबला.

"काय हाये पायापाशी?"

"दगड हाये," मी म्हणाले. "जपून."

त्यांच्या पावलांभोवती हातभर निळी फुललेली होती.

"मंग मी काय करू, आजी?" माळ्याने विचारलं.

"पोस्टात तापाची कुनैनची पुडी भेटते, थे दे तिले. निळी भेटली का मी धाडीन."

तो गेला. सासूबाईंची पाठ वळल्यावर मी ओंजळभर निळी पदरात घेतली आणि जावेला त्याच्या मळ्यावर पाठवलं. ती तासाभरात जुडी तशीच घेऊन परतली. माळी म्हणाला होता, "आजी म्हनते निळी नाही, अन् तुम्ही निळी आनता. मी कोनाचं खरं मानू? आजीच्या हातून येऊ द्या."

आजीच्या हातून द्यायची तर आजीला आधी दिसायला हवी होती. मी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी सांगायला गेले, तर सासूबाई ओसरीवर बसून कोणाच्या तरी पोराची जीभ बघत होत्या, चार बाया वाट बघत होत्या. मी परत फिरले.

भाद्रपद लागला आणि माळ्याची बायको गेली. ओंजळभर पाल्याने ती वाचली असती असं मी म्हणत नाही. कुनैननेही वाचली नाही. पण माळी अजून सांगतो, त्या साली निळी उगवलीच नव्हती. सासूबाईही तेच सांगतात.

त्यानंतर जावेने आणि मी शंखावळीची बरणी उघडून पाहिली. सुकलेल्या फुलांना रंग उरत नाही, म्हणून देठावरून निवडायला बसलो. निम्म्याहून अधिक देठ सुतासारखे निघाले. म्हणजे चूक त्या एका सकाळची नव्हती. किती वर्षं मागे जाते, ते आम्हाला ठरवता आलं नाही. बरणी जागेवर ठेवली.

मलकापूरच्या सरकारी दवाखान्यात मोतीबिंदू काढतात, ही चौकशी मी केली आहे. बैलगाडी सांगता येईल, सोबतीला दीर येतील. पण कशासाठी जायचं ते आधी सासूबाईंना सांगायला हवं. ते मी अजून सांगितलेलं नाही.