छर्रे बदलून पाहिले

माझी धाकटी बहीण पोलिसात आहे. खात्याच्या नेमबाजी स्पर्धेसाठी तिचं नाव गेलं तेव्हा ती सरावासाठी नाशिकमधल्या एका खाजगी रेंजवर जायला लागली. खात्याची काडतुसं मोजून मिळायची, म्हणून हात तयार राहावा यासाठी ती तिथं हवेचं पिस्तूल चालवायची. एका रविवारी मलाही ओढून घेऊन गेली. "ताई, घरी बसून तरी काय करतेस? चल, नुसती बघ."

खरंच काही करत नव्हते. पिंपळगावला द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये मी माल तपासते. मणी किती मिलिमीटरचा, घडात डागी किती, पेटीचं वजन बरोबर आहे का, हे बघायचं आणि लिहायचं. एप्रिल सरला की आमचं काम आटपतं. तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते.

रेंज म्हणजे पत्र्याची लांबट शेड. एका टोकाला टेबलं, दहा मीटरवर कागदाची टार्गेटं. शिकवणारे सर फौजेतून निवृत्त झालेले, साठीच्या पुढचे, कमी बोलणारे. त्यांनी माझ्या हातात पिस्तूल दिलं तेव्हा पहिलं काही वाटलं असेल तर ते त्याचं वजन. एका हातानं, खांद्याच्या रेषेत धरायचं. सर म्हणाले, "टार्गेट अंधूक दिसू दे. नजर माशीवर ठेवा." माशी म्हणजे नळीच्या पुढच्या टोकावरचा तो छोटासा खुंट. "आणि चाप ओढू नका. हळूहळू दाबत राहा. छर्रा कधी सुटला हे तुमचं तुम्हालाच कळता कामा नये."

पहिले दहा छर्रे कुठे गेले ते देवाला ठाऊक. अकरावा टार्गेटच्या मधल्या काळ्या भागात लागला. बहिणीनं टाळ्या वाजवल्या. घरी येताना आतून मला फार बरं वाटत होतं. लग्नानंतर मी स्वतःसाठी म्हणून काही शिकलेच नव्हते.

मग जातच राहिले. नवऱ्यानं आधी हसून घेतलं, मग रविवारची भाजी तो आणायला लागला. वर्षभरात दहा छर्‍यांत माझे शंभरपैकी अठ्ठ्याऐंशी गुण यायला लागले. एकदा एक्क्याण्णव आले. तो कागद सरांनी सही करून दिला. मी एका जुन्या नेमबाजाचं वापरलेलं पिस्तूल विकत घेतलं आणि त्याची मूठ माझ्या हाताच्या मापानं तासून घेतली.

दुसऱ्या वर्षी गुण उतरायला लागले. अठ्ठ्याऐंशीचे ब्याऐंशी झाले, मग अठ्ठ्याहत्तर. छर्रे उजवीकडे खाली, मधेच एखादा पार वर. मला वाटलं, दोष छर्‍यांचा आहे.

रेंजवर सगळ्यांना एकाच प्रकारचे छर्रे मिळायचे, चपट्या डोक्याचे. ते कागदाला गोल, स्वच्छ भोक पाडतात, त्यामुळे गुण मोजताना वाद होत नाही. टोकदार छर्रे कागद फाडतात. नव्या माणसाला सर एवढंच सांगायचे आणि पुढे म्हणायचे, "याच्यापलीकडं छर्‍यांचा विचार करू नका. वर्षभर एकच डबी. रोज छर्रा बदलला तर चूक कोणाची हे कधीच कळणार नाही."

मी ऐकलं नाही. मी मालाची प्रत तपासणारी बाई. वेगवेगळ्या डब्या मागवल्या. कुणाचं डोकं साडेचार मिलिमीटर, कुणाचं त्याहून केसभर कमी, कुणी हलके, कुणी जड. जेवणाच्या सुट्टीत पॅकहाउसच्या छोट्या काट्यावर ते एकेक करून तोलायचे. ज्यांचा मागचा घेर चेमटलेला दिसेल ते बाजूला काढायचे. बहीण म्हणाली, "ताई, तू द्राक्षं निवडतेस की छर्रे?"

प्रत्येक नव्या डबीबरोबर पहिला रविवार बरा जायचा. वाटायचं, सापडलं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मग मी नळीत दोष आहे म्हणाले. मग मूठ चुकीची तासली म्हणाले. सर ऐकून घ्यायचे.

शेवटी एक दिवस ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या सगळ्या डब्या घेऊन या. एकदाचा सोक्षमोक्ष लावू."

त्यांनी टेबलाला शिकंजा बसवला, त्यात जाड चामडं घालून पिस्तूल आवळलं. आता ते कुणाच्या हातात नव्हतं. चार डब्या, प्रत्येकीतले पाच छर्रे. मी टार्गेट बदलत होते, ते चाप दाबत होते. पहिल्या डबीच्या पाच छर्‍यांनी मिळून एकच भोक पाडलं, मुगाच्या दाण्यापेक्षा जरासं मोठं. दुसरीचं तसंच. तिसरीचं तसंच. चौथी रेंजवरची साधी डबी होती. तिचं भोक किंचित रुंद, पण तेही दहाच्या वर्तुळाच्या आतच.

मी चारही कागद टेबलावर ओळीनं ठेवले. नळीत दोष नव्हता, आणि छर्‍यांतही नव्हता.

सर म्हणाले, "हात पुढं करा. पिस्तूल नको. नुसता हात."

मी उजवा हात समोर धरला. स्थिर होता. मी त्यांच्याकडे बघून हसलेसुद्धा. ते मनात आकडे मोजत होते. सात-आठ सेकंद गेले असतील, आणि माझा अंगठा हलायला लागला. मग शेजारचं बोट. कुणीतरी दुसरंच ते हलवत असल्यासारखं. मी थांबवायला गेले, थांबेना.

"चार-पाच महिने बघतोय," ते हळू आवाजात म्हणाले. "टार्गेट आणायला चालत जाता ना, तेव्हा डावा हात पुढं-मागं होतो. उजवा नुसता लटकतो. डॉक्टरला दाखवा."

मला त्यांचा भयंकर राग आला. "उपाशी आलेय मी. म्हणून होतंय," असं म्हणून पिस्तूल पेटीत घातलं आणि निघाले.

दोन महिने कुणाला काही बोलले नाही. डाव्या हातानं उजवा धरून बसायची सवय लागली. पॅकहाउसमध्ये घड कातरणाऱ्या बायकांपैकी एक जण माझ्या वहीत डोकावून म्हणाली, "ताई, लय बारीक लिव्हता आताशा. मुंगीवानी. आमाला वाचताच येत नाय." मी मागची पानं उलटून पाहिली. गेल्या हंगामातलं माझं अक्षर ठसठशीत होतं. पुढे पानागणिक ते आकसत गेलं होतं, आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

डॉक्टरांनी फार काही केलं नाही. बोटं एकमेकांवर आपटायला लावली, कागदावर गोल गोल काढायला सांगितलं, खोलीत चालवलं. आजाराचं नाव सांगितलं, कंपवात.

नवरा म्हणाला, "पण तो म्हाताऱ्या माणसांचा ना? ही तर आत्ता चव्वेचाळीसची झाली."

"काहींना लवकर होतो," डॉक्टर म्हणाले. "गोळ्यांनी बरीच वर्षं चांगली जातात."

"आणि बरा कधी होतो?"

डॉक्टरांनी त्याच्याकडे न बघता माझ्याकडे बघितलं. "बरा होत नाही."

बाहेर आल्यावर आम्ही टपरीवर थांबलो. नवऱ्यानं चहावाल्याला माझा ग्लास अर्धाच भरायला सांगितला. त्यानं ते मला ऐकू जाणार नाही अशा बेतानं सांगितलं, पण मला ऐकू गेलं. म्हणजे त्यालाही केव्हापासून माहीत होतं. तो चहा मी प्यायले नाही.

गोळ्या सुरू झाल्या. घेतल्यावर दोन-तीन तास हात पूर्वीसारखा असायचा. तेवढा वेळ साधून मी रेंजवर गेले. पहिल्या दिवशी त्र्याऐंशी आले आणि मी वेड्यासारखी रडले. सरांनी पाणी आणून दिलं. त्यानंतर मात्र तसं जमलं नाही. चाप दाबायच्या ऐन क्षणी मी हातावर पहारा ठेवायला लागले. माशी सोडून अंगठ्याकडे बघायचे. सरांनी कुठून तरी डाव्या हाताची मूठ मिळवली. सहा आठवडे डाव्या हातानं झगडले. एका रविवारी दहापैकी चार छर्रे कागदाच्याच बाहेर गेले, तेव्हा पिस्तूल पुसून पेटीत ठेवलं आणि सरांना म्हटलं, "हे इथंच राहू द्या. नव्या कुणाला लागेल."

त्यांनी "हो" म्हटलं. पुन्हा प्रयत्न करा, असं म्हणाले नाहीत. त्यांनी म्हणावं असं मला फार वाटत होतं.

महिन्याभरानं राहिलेलं सामान आणायला गेले तर माझ्याच टेबलापाशी बँकेत काम करणारी एक तरुण बाई माझं पिस्तूल घेऊन उभी होती. ते माझं होतं हे तिला कुणीतरी सांगितलं असावं. तिनं उत्साहानं विचारलं, "मॅडम, याला कुठले छर्रे चांगले लागतात?"

माझ्या पिशवीत सगळ्या डब्या होत्या. मी म्हटलं, "सर देतील ते. वर्षभर बदलू नका." डब्या टेबलावर ठेवल्या नाहीत, परत घेऊन आले. का, ते सांगता येत नाही. कपाटात वरच्या फळीवर पडून आहेत.

बहिणीचं घरी येणं कमी झालं होतं. स्पर्धेची तयारी, ड्यूटी, अशी कारणं सांगायची. आमच्या वडिलांचे हात शेवटच्या वर्षांत थरथरायचे. आम्ही ते वयावर घातलं होतं. आजाराचं नाव कळल्यावर तिला वडील आठवले असणार, मलाही आठवलेच. हा आजार बहुतेक वेळा घराण्यातून येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. ते मी तिला फोनवर सांगितलंही होतं.

मग एका दुपारी ती वर्दीतच आली. बूट न काढता दारातच उभी राहिली आणि उजवा हात माझ्यासमोर ताठ धरला.

"ताई, बघ ना. हलतोय का? खरं सांग. मला आता कळेनासंच झालंय."

मी पाहिलं. खूप वेळ पाहिलं, दहा सेकंदांच्या पुष्कळ पुढे. तिचा हात भिंतीत ठोकलेल्या खुंटीसारखा स्थिर होता.

माझ्या सख्ख्या बहिणीचा हात धड आहे हे बघून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मलाच का, हिला का नाही, असं अगदी स्पष्ट, शब्दांत माझ्या मनात आलं. लहानपणी हिला मी कडेवर घेऊन फिरवलंय.

"नाही हलत," मी म्हटलं.

ती उंबऱ्यावरच बसली आणि सुटकेनं हमसून हमसून रडायला लागली. मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. मी स्वयंपाकघरात गेले, ओट्याला टेकून उभी राहिले आणि तिचं रडणं थांबेपर्यंत बाहेर आले नाही.