बारीक नळीची रायफल

शिलाई मशीनला तेल दिलं की त्या वासानं आदिलाबादची शाळा आठवते. नववीत एनसीसीच्या सरावाला जुनी, जड रायफल होती. स्वस्तातली बारकी गोळी चालावी म्हणून तिच्यात आतून बारीक नळी बसवलेली. पाचांतल्या तीन गोळ्या निशाण्यावर लागल्या तरच कॅम्पला जायला मिळणार होतं, आणि माझ्या पहिल्या दोन मातीत गेल्या. सर शेजारी येऊन बसले. "डोळे काऊन मिटून राह्यली वं?" "भेव वाटते, सर." "वाघाच्या कातड्यातली बकरी हाय ते. धक्का नाई देत. मार." दात दाबून मी उरलेल्या तिन्ही निशाण्यावर मारल्या. पण कॅम्पच्या आधीच माझी शाळा बंद झाली आणि मी इकडे तिरुपूरला कामाला आले. सरांनी कॅम्पची गाडी निघेपर्यंत यादीतून माझं नाव खोडलं नव्हतं, हे परवा मैत्रिणीनं फोनवर सांगितलं.