वर्नाचं डिनर

वर्ना डायचुक निवृत्त होईपर्यंत शाळेची बस चालवायची, आणि आमच्या पश्चिम कॅनडातल्या, सास्काचेवानमधल्या गावात काम मात्र ‘पूर्वेकडच्यांच्या’ पक्षाचं करायची. त्या पक्षाचं नाव काढलं की इथली माणसं दार हळूच लावून घेतात. वर्नाच्या तोंडावर कोणी लावत नसे. निम्म्या गावाला तिनंच शाळेत पोचवलं होतं.

यंदा निवडणुकीआधी राजधानी ओटावाहून पक्षाचे प्रचारप्रमुख पेलेटिए यांचा फोन आला. "पक्षाचे नेते स्वतः शनिवारी डिनरला येतील. शंभर डोकी दिसली तर ठीक, नाहीतर तुमच्याकडची प्रचाराची माणसं ओंटारिओत हलवू."

वर्ना आठवडाभर घरोघर फिरली. शनिवारी दुपारी बाराला हॉलमध्ये एकशे चाळीस माणसं होती, टेबलांवर बटाट्याचं सारण भरलेल्या वाफाळत्या पेरोगी होत्या. नेते नव्हते. साडेबारा झाले. कापणीचे दिवस, त्यात रेडिओवर उद्याचा पाऊस. खुर्च्या सरकू लागल्या.

वर्नानं फोन लावला.

"विमान आत्ता कुठे सुटतंय," पेलेटिए म्हणाले. "डिनर सहाला ना?"

वर्नाचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. आमच्याकडे डिनर दुपारी. संध्याकाळी असतं ते सपर.

"सहाला सगळे शेतात असतील," मी म्हणालो.

"गप्प बस, लॉर्न." ती लोकांकडे वळली. "नेते सहाला येतायत. तिकडे सपरला डिनर म्हणतात."

"मग दुपारी काय, उपाशी?" म्हाताऱ्या थीसननं विचारलं.

"लंच घेतात."

"लंच? ते तर आपण लग्नात नाच संपल्यावर खातो."

लोक हसले, जेवले आणि कापणीला गेले. एक वाजता हॉल रिकामा.

सहाला नेत्यांची बस आली. पेलेटिएंनी आत डोकावलं. "डोकी कुठायत?"

"शेतात. कापणीत सपर तिकडेच पोचवतात." वर्नानं उरलेल्या पेरोगी आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत भरल्या, आणि ड्रायव्हरला आमचे मातीचे रस्ते ठाऊक नव्हते म्हणून त्याला उठवून स्वतः स्टिअरिंगवर बसली. "माझ्या बसमध्ये कोणी उभं राहायचं नाही."

नेते निमूट बसले.

शेतामागून शेत झालं. नेते डबे वाटत होते, पेलेटिए डोकी मोजत होते, वर्ना मावळतीकडे बघत होती. शेवटचं शेत थीसनचं.

"डिनर चुकवलंत," तो नेत्यांना म्हणाला. "सपरला मात्र वेळेवर आलात."

"नव्व्याण्णव," पेलेटिए हळूच म्हणाले. वर्नानं डोळे मिटले. मग उघडले.

"तुम्ही जेवलात?"

"नाही."

तिनं एक डबा त्यांच्या हातात दिला. "मग शंभर."

पेलेटिएंनी उभ्यानंच दोन पेरोगी खाल्ल्या. तिसरी तोंडात असतानाच ओटावाला फोन लावला, "माणसं इथंच राहू देत."

"बसा आता," वर्ना म्हणाली. "बस सुटतेय."